रिमवरचं काळं ऑइल

दादा,

तेरवीला आलेला जो तो जाताना हात जोडून एकच शब्द बोलून गेला. नशीब. नात्यातले बोलले, गावातले बोलले, ज्यांना तुझं नाव धड माहीत नव्हतं तेही पानावरून उठता उठता बोलले, "नशिबापुढे कोनाचं काय चालते, बाई." मी अंगणात उभी राहून मान हलवत होते. अशा वेळी बहिणीनं मान हलवायची असते. पण तुला सांगते, नशीब नव्हतं. ऑइल होतं. गाडीतून काढलेलं जळकं काळं ऑइल, जे तू डब्यात भरून गोठ्यात ठेवायचास आणि टायर चढवताना ब्रशनं रिमला फासायचास. मी तुला सांगितलं होतं. तू ऐकलं नाहीस. आता तुला ऐकू जात नाही आणि मला बोलल्याशिवाय राहवत नाही.

टायरचं हे वेड तुला बाबांच्या मोटरसायकलपासून लागलं. आपलं गाव अकोट रोडच्या आत, पंक्चरवाला फाट्यावर, आणि तो ऊन वर आल्याशिवाय दुकान उघडत नसे. आपल्या वावरातले झेंडू आणि शेवंती तोवर थांबत नाहीत. अकोल्याच्या जुन्या शहरात माल सकाळीच पोचला पाहिजे, नाहीतर हारवाले दुसऱ्याकडून घेतात. म्हणून मागचं चाक बसलं की तूच अंगणात गोणपाट अंथरायचास, चाक काढायचास आणि मला हाक मारायचास. मी शाळेच्या ड्रेसमध्ये यायची. धुण्याची पावडर बादलीत घुसळून फेस करायचं काम माझं. तो फेस तू टायरच्या कडेला चोळायचास आणि मला म्हणायचास, "उभी राय इथं. हलू नको." मी तुझ्या खांद्यांना धरून टायरवर उभी राहायची. माझ्या वजनानं समोरची कड रिमच्या मधल्या खोलगट नाळीत दबून राहायची आणि तू इकडून टॉमी घालून, म्हणजे ती चपटी लोखंडी पट्टी घालून, उरलेली कड आत घ्यायचास.

एकदा मी विचारलं होतं, "दादा, एवढा कडक टायर जाते कसा आत?"

तू म्हणालास, "टायरसंगं जोर नाई करायचा, रेखे. त्याले जागा द्यायची. समोरून दाबला की इकडे आपोआप ढिला पडते."

हे मी आयुष्यभर वापरलं, फक्त टायरपुरतं नाही. सासरी वापरलं, दुकानात वापरलं. आपल्या गावात पोरीच्या हातात पाना देणारा भाऊ दुसरा कोणी नव्हता. लोक तुला हसायचे. तू म्हणायचास, "हसू द्या, तिले येते, तुमच्या पोट्ट्यायले येत नाई." त्याबद्दल मी तुझी ऋणी आहे. ते आधी लिहून टाकते, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात त्याला जागा राहणार नाही.

माझं लग्न अमरावतीला झालं, ते स्पेअर पार्टच्या दुकानवाल्याशी. तू म्हणालास, बरं झालं, घरचं हत्यार सासरीही कामी येईल. तसं झालंही. मी काउंटरवर बसायला लागले. चेन, ब्रेकच्या पट्ट्या, ट्यूब, टायर, सगळं माझ्या हातून जायला लागलं. आणि एक दिवस एक गिऱ्हाईक ट्यूब घेऊन भांडायला आलं. नवी ट्यूब होती, व्हॉल्व्ह मुळापासून उपटून निघाला होता. तो म्हणाला, माल खराब दिला. मी ट्यूब हातात घेतली तर हात काळा झाला. मी विचारलं, टायर चढवताना काय लावलं होतं? तो म्हणाला, ग्रीस. मग माझ्या नवऱ्यानं त्याला समजावलं, आणि ते समजावणं मी तुझ्यासाठी पाठ करून ठेवलं. ग्रीस काय, ऑइल काय, वाळतच नाही. टायर चढतो लोण्यासारखा, पण नंतरही तो रिमवर सरकतच राहतो. ब्रेक मारला की चाक थांबतं आणि टायर पुढे सरकतो. टायरबरोबर आतली ट्यूब सरकते. व्हॉल्व्ह मात्र रिमच्या भोकात अडकलेला. एका दिवशी तो तुटतो आणि चालत्या गाडीची हवा एका झटक्यात जाते. साबणाचं पाणी वाळून जातं. त्यासाठीच बनवलेली पेस्ट असते, ती तर वाळल्यावर टायर धरून ठेवते.

मी हे तुला त्याच संध्याकाळी फोनवर सांगितलं, कारण तोवर तू साबण सोडून ऑइलवर आला होतास. घरच्या घरी गाडीचं ऑइल बदलायला लागलास, मग ते काळं ऑइल टाकून कशाला द्यायचं म्हणून. तू हसलास. "तुमाले पेस्ट विकायची हाये," म्हणालास.

राखीला येताना मी पेस्टचा एक डबा घेऊनच आले. तू तो उलटापालटा पाहिलास आणि वहिनीला म्हणालास, "कल्पना, हे पाह्य. अमरावतीहून टायरचं औषध आलं." वहिनी हसली नाही. तिनं तो डबा स्वयंपाकघरात फळीवर ठेवला. तू त्याचं सील कधी फोडलं नाहीस.

तू वाईट माणूस नव्हतास, हे मला लिहायला आवडत नाही, पण खरं आहे. कल्पनावहिनीला वावराच्या वाटेवर गाडी शिकवणारा तूच. तिला मूल झालं नाही म्हणून माय दिवसरात्र बोलायची, तेव्हा "माय, आता पुरे" म्हणणारा तूच. त्या घरात तिचं असं म्हणायला तू एकटाच होतास. पण तुला एक सवय होती. आपण जे हातानं करतो त्यात चूक असू शकते, हे तुला कोणी सांगितलेलं चालत नसे. माझ्या गाडीला दुसऱ्याचा हात लागत नाही, हे तू अभिमानानं सांगायचास. शेवटी शेवटी मला त्या अभिमानाचाच राग यायला लागला होता.

कौंडण्यपूरच्या यात्रेला तू वहिनीला घेऊन गाडीवर आलास, आम्ही अमरावतीहून आलो. नदीकाठी गाड्या लावायच्या मैदानात मी तुझ्या गाडीच्या मागच्या चाकाकडे पाहिलं. व्हॉल्व्ह सरळ उभा नव्हता. एका अंगाला कलला होता.

मी म्हटलं, "दादा, हे पाह्य. टायर सरकून राहिला."

तू खाली वाकलास, हवा सोडलीस, टायर दोन्ही हातांनी मागे ढकलून व्हॉल्व्ह सरळ केलास आणि माझ्या नवऱ्याकडून पंप मागून पुन्हा हवा भरलीस.

"झाला सीधा," म्हणालास.

"आज झाला. मंग उद्या?"

"उद्या पुन्हा करीन. तू दर्शन घे, चाक काय पाहून राहिली?"

वहिनी मला बाजूला घेऊन म्हणाली, "रेखाताई, तुमी नका बोलू. तुमी गेल्यावर ते आणखीच करतात." ती हे अगदी साध्या आवाजात म्हणाली. तेव्हा मला त्याचा अर्थ नीट लागला नव्हता. मला वाटलं, मी तुझ्या भल्याचं बोलते आहे. तिला माहीत होतं की माझ्या प्रत्येक बोलण्यानं तुझं ऑइल आणखी पक्कं होत होतं.

मग दसऱ्याच्या आधीची माझी फेरी. मी मायला पाहायला आले होते. तू नवा टायर आणला होतास, जाड, ओझ्याच्या गाडीचा. दसऱ्याला झेंडूचे भारे जास्त न्यायचे म्हणून. तो टायर इतका कडक होता की तू तो आधी उन्हात ठेवलास. मी भाजी निवडत ओसरीवर बसले होते. तू गोणपाटावर गुडघे टेकून बसलास आणि सुरुवात केलीस. एक कड गेली. दुसरी जाईना. तू टॉमीवर पूर्ण वजन टाकलंस, टॉमी सटकली आणि तुझ्या नडगीवर बसली. तू शिवी दिलीस आणि पुन्हा तिथेच जोर लावलास.

समोरची कड वर आली होती, दादा. नाळीत नव्हती. मला ओसरीवरून दिसत होतं. तूच मला शिकवलेलं तू विसरला होतास.

मी उठून आले. "दादा, समोरून दाब. मी उभी राहू का?"

"आता तुले पेलवते का तो? बस तिकडे."

तेवढ्यात वहिनी आतून तो पेस्टचा डबा घेऊन आली. तिनं फक्त हात पुढे केला.

तू तिच्याकडे पाहिलंस, मग माझ्याकडे. तुला वाटलं असेल, आम्ही दोघींनी ठरवलं. तू म्हणालास, "आता बायकाच शिकवतीन मले. कल्पना, तू चुलीपाशी पाह्य." आणि गोठ्यात जाऊन तू तो काळा डबा आणलास. ब्रश बुडवून रिमभर ऑइल फिरवलंस, टायरच्या दोन्ही कडांना फिरवलंस, नेहमीपेक्षा जास्त, आम्हाला दाखवून. टायर सरसर आत गेला. तू पंप मारलास, कड जागेवर बसली, आणि तू उठून हात पुसत म्हणालास, "झालं. कोनाची पेस्ट, कोनाचं काय."

मी त्याच दुपारच्या एसटीनं अमरावतीला निघून गेले. तुला "येते" म्हणाले. तू "हो" म्हणालास. तू गाडीचं चाक बसवत होतास, वर पाहिलं नाहीस. आपलं शेवटचं बोलणं तेवढंच.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी पहिली खेप तू नीट पोचवून आलास. बाजार तेज होता. वावरात तोडलेली फुलं अजून पडली होती. तू जेवायला बसलास तेव्हा वहिनी म्हणाली, "आणखी एक खेप होते. उद्या कोन घेते हे?" तू उठलास, भारे बांधलेस आणि गेलास. अकोल्याच्या अलीकडे रस्त्यात शेळ्या आल्या. तू ब्रेक मारलास. मागच्या चाकाची हवा एकदम गेली, गाडी आडवी झाली. मागून येणाऱ्या मालट्रकला थांबता आलं नाही. झेंडू सगळ्या रस्त्यावर सांडला होता, असं पाहणाऱ्यानं सांगितलं. त्यानं ते दोनदा सांगितलं. लोकांना अशा वेळी फुलंच आठवतात.

मी पोचले तेव्हा तुला आणलं होतं. त्याबद्दल मी काही लिहिणार नाही.

दुसऱ्या दिवसापासून घरात एक वाक्य फिरायला लागलं. पहिलं ते मायच्या तोंडून निघालं. "माया इनोद जेवाले बसला होता. तिनं उठवला. तिनं धाडला." मग ते वाक्य आत्यानं उचललं, शेजारणीनं उचललं. बसायला येणाऱ्या प्रत्येक बाईला माय तेच सांगायची, आणि वहिनी पलीकडच्या खोलीत भिंतीला टेकून ते ऐकायची. माय तिच्या हातचं पाणी घेईना. तिनं केलेली भाकर ताटात आली की माय ताट सरकवायची. मी भाकरी टाकल्या तर खायची. मी वहिनीजवळ जाऊन बसले तर ती म्हणाली, "बरोबर बोलून राहिल्या त्या. मीच बोलली, आणखी एक खेप होते." तिचा आवाज कोरडा होता. ती ते खरं मानून बसली होती आणि उरलेलं आयुष्य त्या घरात तेच ऐकत काढायची तिची तयारी झाली होती.

पोलिसांकडून गाडी परत आली. टेम्पोतून उतरवून गोठ्यात लावली. हँडल वाकलं होतं, बाकी गाडी तशी धड होती. मागच्या चाकावर टायर होता. व्हॉल्व्ह नव्हता. रिमच्या भोकात नुसता अंधार दिसत होता.

मी तुझीच टॉमी घेतली. चाक काढून अंगणात आणलं, जिथे सगळ्यांना दिसेल तिथे. माय ओसरीवर होती, आत्या होती. आत्या म्हणाली, "काय करून राहिली वं? सुतकात?" मी टॉमी टायरच्या कडेखाली घातली. टायर काढायला मला जोर लावावाच लागला नाही. कड हातानं सरकत होती. ट्यूब बाहेर ओढली. व्हॉल्व्ह मुळापासून तुटून आत पडला होता. रिम आतून काळी, ओली, चकचकीत. मी बोट फिरवलं आणि ते बोट मायसमोर धरलं.

"माय, हे पाह्य. ऑइल. दादानं लावलं होतं. टायर सरकला, व्हॉल्व्ह तुटला. पहिल्या खेपेलेच पडला असता तर तू कोनाले बोलली असती?"

मायनं बोटाकडे पाहिलं नाही. माझ्या तोंडाकडे पाहिलं. "माया लेक गेला," ती म्हणाली, "आन् तू त्याची चूक काढून राहिली?"

"चूक त्याची होती, माय."

"तो कधी चुकला नाई," माय म्हणाली आणि आत गेली.

तू हे ऐकायला हवं होतंस. जिवंतपणी तुला हेच ऐकायचं असायचं.

मला वाटलं होतं, एवढं डोळ्यांसमोर धरल्यावर वहिनीची सुटका होईल. झाली नाही. संध्याकाळी माय आत्याला सांगत होती, "ऑइलचं मले समजत नाई. पन तिनं उठवला नसता तर गेला नसता." आणि हे काही खोटं नव्हतं. ती खेप झाली नसती तर तू त्या दिवशी गेला नसतास. दुसऱ्या कुठल्या दिवशी गेला असतास. पण मायला दुसरा दिवस दिसत नव्हता.

मग तेरवीच्या आदल्या दिवशी सगळे बसले असताना मायनं मला हाक मारली. ती शांत होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती रडत नव्हती.

"रेखे, तुले मालूम होतं?"

"काय?"

"ऑइलनं टायर सरकते, मानूस पडते. हे तुले मालूम होतं?"

"मालूम होतं."

"मंग तू त्याले त्या दिवशी गाडी चालवू काहून देली? ऑइलचा डबा काहून नाई फेकला? तू अमरावतीले निघून काहून गेली?"

वहिनी दारात उभी होती, हातात पाण्याचा तांब्या. मी सांगू शकले असते. किती वेळा सांगितलं, ते. पेस्टचा डबा कोणी आणून दिला, ते. तू कसा आम्हाला दाखवून दाखवून ब्रश फिरवलास, ते. चाळिशी ओलांडलेल्या भावाच्या हातातून ब्रश कसा हिसकायचा, हे मी मायलाच विचारू शकले असते. शब्द तोंडात आले होते, दादा. पण मी मायकडे पाहिलं आणि मला कळलं की तिला कोणीतरी एक माणूस हवा आहे. तू तो माणूस होऊ शकत नाहीस, कारण तू मेलास. मग उरलो आम्ही दोघी. वहिनीला त्या घरात मायसोबत राहायचं आहे. मला अमरावतीला माझं घर आहे, दुकान आहे, नवरा आहे.

मी म्हटलं, "चुकलं, माय, माझं. मी थांबायला पाहिजे होतं."

मायनं डोळ्याला पदर लावला. आत्यानं माझ्याकडे असं पाहिलं की ते मी विसरणार नाही. त्या रात्री मायनं वहिनीनं वाढलेलं जेवण जेवलं. माझ्याशी ती बोलली नाही.

चुकलं नव्हतं माझं. हे मी फक्त तुला सांगते आहे, कारण घरात ते माहीत असलेले आपण तिघंच होतो, आणि त्यातला एक तू. तुझी चूक तुझ्या नावावर ठेवायला कोणी तयार नाही. मेलेल्या माणसाला हा मोठा फायदा असतो. जिवंत माणसं तुझ्या चुका आपापसात वाटून घेतात आणि तुझा फोटो हार घालून भिंतीवर जातो.

तेरवी झाली. दिवाळी तोंडावर होती आणि झेंडू वावरात उभा होता. वहिनी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "रेखाताई, गाडी चालू होते का?"

मी विचारलं, "कोण नेणार फुलं?"

"मी," ती म्हणाली. "टेम्पोवाला म्हणते, दोन भाऱ्यासाठी आत येत नाई. फुलं सडू देऊ का?"

माझा नवरा तेरवीला येताना नवा टायर आणि ट्यूब घेऊन आला होता, मीच सांगितलं होतं. त्यानं हँडल सरळ करून घेतलं. चाकाला मात्र मी त्याला हात लावू दिला नाही. आम्ही दोघींनी केलं. आधी रिम गरम पाण्यानं आणि धुण्याच्या पावडरनं घासली. एकदा घासून काळं निघेना, पुन्हा घासली, पुन्हा घासली. वहिनी नारळाच्या शेंडीनं कानाकोपऱ्यातलं तुझं ऑइल काढत होती आणि मी पाणी ओतत होते. ती घासता घासता रडत होती. मी रडले नाही. मला राग आला होता. एवढं घासावं लागत होतं, त्याचाच राग.

रिम उन्हात वाळवली. वहिनीनं फळीवरचा डबा आणला आणि सील फोडलं. मी तिला दाखवलं, बोटावर थोडीशीच घ्यायची, दोन्ही कडांना पातळ फिरवायची, रिमच्या काठाला फिरवायची. थापायची नाही. पहिली कड हातानं दाबून गेली. ट्यूबमध्ये जराशी हवा भरली, म्हणजे ती चिमटीत सापडत नाही. व्हॉल्व्ह भोकातून काढून त्याची चकती सैल ठेवली. दुसरी कड व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूनं सुरू केली. दोन्हीकडून आत घेत घेत व्हॉल्व्हपाशी आलो आणि तिथे टायर अडला. नेहमी तिथेच अडतो. वहिनीनं टॉमी घातली आणि जोर लावला.

"जोर नका लावू," मी म्हटलं. "समोर पाहा, कड वर आली. गुडघ्यानं दाबा तिकडे. खाली नाळीत जाऊ द्या."

तिनं दोन्ही गुडघे टायरवर ठेवले. कड नाळीत उतरली आणि माझ्या हाताखालची बाजू सैल पडली. टॉमीनं थोडं थोडं घेतलं. शेवटचा तुकडा आवाज न करता आत गेला. वहिनी माझ्याकडे पाहत राहिली.

"एवढंच होतं?" ती म्हणाली.

"एवढंच," मी म्हटलं.

हवा भरली, कड एकेका ठिकाणी टप टप करत जागेवर बसली. टायरच्या अंगावर रिमच्या काठाशी जी बारीक रेघ असते, ती सगळीकडे सारख्या अंतरावर दिसते का ते तिला पाहायला लावलं. हवा सोडून पुन्हा भरली, म्हणजे आतली ट्यूब नीट पसरते. व्हॉल्व्ह सरळ होता. माय ओसरीवरून पाहत होती. उठून गेली नाही.

हे लिहिताना मला तुझ्यावर इतका राग येतो की हात थांबतो. इतकं सोपं होतं. दादा, तू हट्टाला आयुष्य दिलंस आणि हट्टाचं कारण काय, तर बहिणीनं आणलेला एक डबा. मला सगळ्यात जास्त हे सलतं की मी तो डबा आणलाच नसता, कोणा मित्रानं फुकट दिला असता, तर कदाचित तू तो वापरला असतास. वहिनी कौंडण्यपूरला तेच सांगत होती. हे मी कोणाला बोलले नाही. बोलणारही नाही.

निघताना माय दारात आली नाही. वहिनी एसटीपर्यंत आली. गाडी दिसायला लागली तेव्हा तिनं विचारलं, "तुमी मायले खोटं काहून सांगतलं?"

मी म्हटलं, "तुमाले इथं राहायचं आहे."

ती म्हणाली, "त्या आता तुमाले बोलावतील का?"

मी म्हटलं, "पाहू."

परवा सकाळी मी दुकान उघडत होते. मायचा फोन आला. सुतकानंतर पहिला. मी उचलला तर ती लगेच म्हणाली, "कल्पना पहाटेपासून गेली. अजून नाई आली. माया फोन उचलत नाई ते. तू लावून पाह्य."

मी कशी आहे, हे तिनं विचारलं नाही. मीही काही विचारलं नाही. फोन ठेवून वहिनीला लावला. मागे फुलबाजाराचा गलका होता. ती घाईत होती, गिऱ्हाईक समोर होतं. "मायले सांगा," ती म्हणाली, "माल विकला गेला. जेवाच्या वेळेपर्यंत येते. आन् सांगा, हळू चालवते."

मी मायला फोन लावून तसंच सांगितलं.

"जेवाले येते म्हणे?" मायनं विचारलं.

"हो."

"मंग भाकरी टाकून ठेवते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

त्या सगळ्या बोलण्यात तुझं नाव एकदाही निघालं नाही, दादा. तू गेल्यापासून पहिल्यांदाच.